पहिले पाच आकडे

बिबवेवाडी, पुणे
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय आमू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता कपाटात टाकशील, असं धरूनच मी लिहायला बसले आहे. तक्रार नाही. पण बंद पाकीट तुला फार वेळ सहन होत नाही, हेही मला माहीत आहे. लहानपणी बाबांच्या नावे आलेली युनियनची पत्रकंसुद्धा तू चहाच्या वाफेवर धरून उघडायचीस, आणि आई ओरडायची मला, कारण मी मोठी. तेव्हा आज नाही तर परवा तू हे वाचशीलच. फोन करायला गेले तर माझा नंबर तू बंद केला आहेस. ठीकच केलंस. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि वर चार जणांना ते सांगितलंही असतं. तू कुणाला सांगितलं नाहीस.

माझं म्हणशील तर बरं चाललं आहे. सप्टेंबरात उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भाची कामाला आली, मैत्री रोज ऑफिसला जाताना येऊन थेंब घालून जायची. आता इतकं स्वच्छ दिसतं की माझ्या स्वयंपाकघरातल्या टाइल्स मुळात पांढऱ्या होत्या हे मला प्रथमच कळलं. आपल्या भाऊरायाचा, अनिरुद्धचा गुडघा तसाच आहे आणि डॉक्टरकडे न जाण्याची त्याची कारणं दर आठवड्याला नवी असतात. अशोक विजयादशमीला सगळे नेहमीप्रमाणे माझ्याकडे जमले. तुझ्या आणि संतोषरावांच्या जागी कुणी बसलं नाही. भरीत या वर्षी मी केलं. सगळ्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं, यावरून कसं झालं होतं ते ओळख. सकाळचे दहा वाजत आले की अजून माझा हात गॅस बारीक करायला जातो. तू रिटायर झाल्यापासून बरोबर दहाला तुझा फोन यायचा, आपण बोलत बसायचो आणि दूध उतू जायचं. हल्ली दूध उतू जात नाही.

मे महिन्यात काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, पण मला ते एकदा नीट लिहून काढायचं आहे. बुद्धपौर्णिमा होऊन दहा दिवस झाले होते. अनिरुद्धच्या मैत्रीचं लग्न धम्मदीपशी जवळजवळ ठरलं होतं. स्थळ तू आणलं होतंस. त्याची आई आणि तू वीस वर्षं एका शाळेत शिकवत होतात. गुरुवारी दुपारी मैत्रीनं आपल्या 'सुंदराबाईंची माणसं' ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. धम्मदीप चांगला आहे, पण माझं मन होत नाही, हे लग्न मी करणार नाही; रविवारी मी स्वतः त्याला भेटून सांगणार आहे, तोवर कृपा करून कुणी बाहेर बोलू नका. अकरा माणसांचा ग्रुप. आईची मुलं, सून, जावई, नातवंडं, बाहेरचं कुणी नाही. आणि शनिवारी सकाळी धम्मदीपच्या आईचा अनिरुद्धला फोन. त्यांना सगळं कळलेलं होतं, अगदी 'मन होत नाही' या शब्दांसकट. रविवारी मैत्री गेली तेव्हा तो मुलगा हॉटेलात बसलासुद्धा नाही. "नकाराचं मला काही नाही, पण ते तुझ्याकडून कळायला हवं होतं, घरात सगळ्यांना माहीत होतं आणि मी शेवटचा होतो," एवढं तिला उभ्यानं बोलून निघून गेला. मैत्री त्या दिवशी लग्न मोडलं म्हणून रडली नाही, त्याला सगळ्यांच्या शेवटी कळलं म्हणून रडली.

त्या संध्याकाळी अनिरुद्धच्या घरी मी न्यायाधीश झाले. कुणी नेमलं नव्हतं. जिनं स्थळ आणलं, तिच्याच मैत्रिणीकडे बातमी पोचली, एवढा माझा पुरावा. तू म्हणालीस, ताई, मी एक शब्द बोललेले नाही. त्यावर मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आमच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये असतीस ना, तर पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं असतं तुला." तू हातातला कप विसळून ठेवलास, संतोषरावांना 'चला' म्हणालीस, आणि गाडी मांजरी गावात घरी पोचायच्या आत तू ग्रुपमधून बाहेर पडलेली होतीस. बाकी कुणी तुझी बाजू घेतली नाही. सौरभ तोंड उघडणार होता, पण मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं ते मिटलं. मैत्री दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, आत्या, मला शोधायचंच नाहीये कोण ते. मीच शोधलं होतं ना, मग तिला कशाला शोधायचं होतं.

आता सौरभचं ऐक. तुझा भाचा आयटीत असल्यामुळे जगातलं प्रत्येक दुखणं सॉफ्टवेअरचं असतं, असं त्याचं प्रामाणिक मत आहे. विजयादशमीला त्यानं तुझी रिकामी जागा बघितली. मग दोन दिवसांनी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आत्या, प्रॉब्लेम माणसांचा नाहीये गं, ॲपचा आहे. आपण सगळे सिक्युअर ॲपवर शिफ्ट होऊ या." मला वाटतं, कुणाचाच दोष नाही असं ठरवून तुला परत आणायची ती त्याची युक्ती होती. पोरगा गुणाचा आहे. अनिरुद्ध म्हणाला, नवं ॲप चांगलं की वाईट ते ताईनं ठरवावं, एकोणचाळीस वर्षं तिनं लोकांचे फोन सांभाळलेत, गुपित म्हणजे काय ते तिच्याइतकं कुणाला कळतं? मला हे ऐकायला फार गोड वाटलं, ते कबूल करते. नारायण पेठेत जाऊन दोनशे पानी वही आणली, वर समास आखला, आणि आत्ताच्या हिरव्या ॲपला एक बाजू, नव्याला एक बाजू असा महिनाभर अभ्यास केला. निकाल येत्या रविवारी द्यायचा आहे.

तुला हसू येईल, पण अभ्यास मनापासून केला. मला पहिला प्रश्न पडला तो असा, की हे फुकट देतात तर खातात काय. सौरभ म्हणाला, नवं ॲप देणग्यांवर चालतं. म्हणजे आपल्या विहारासारखं. तेव्हा ते बंद पडणार नाही, फक्त दर वर्षी कुणीतरी उभं राहून आवाहन करणार. दुसरा प्रश्न अनिरुद्धच्या जुन्या फोनचा. त्यावर ते चढलं, पण चढताना त्यानं एक पिन मागितला आणि अनिरुद्धनं तो लगेच विसरून दाखवला. आता ते ॲप त्याला मधूनमधून पिन विचारतं आणि तो चुकीचा घालून दर वेळी मला फोन करतो. तिसरा प्रश्न म्हणजे ते शुभ सकाळचे फुलांचे फोटो नव्या ठिकाणीही येणार का. येणार. कितीही कुलपं घातली तरी तुझ्या जाऊबाईंचा मला रोज येणारा गुलाब आत येतोच.

हिरव्या ॲपलाही कुलूप आहेच म्हणे, मेसेज तिथंही मधल्या कुणाला वाचता येत नाही. मग फरक काय? सौरभनं बराच वेळ इंग्रजीत समजावलं. शेवटी म्हणाला, तू काय बोललीस ते त्यांना कळत नाही, पण कुणाशी, किती वाजता, किती वेळा, ते कळतं. नवं ॲप तेही ठेवत नाही. त्याला वाटलं म्हातारीला यात काही विशेष वाटणार नाही. आमू, मी वही खाली ठेवली. ट्रंक कॉलच्या दिवसांत आमच्यापुढे प्रत्येक कॉलचं एक तिकीट असायचं. कुणाचा नंबर, कुठला गाव, किती वाजता, किती मिनिटं. बोलणं ऐकायची मनाई होती आणि गरजही नव्हती. एक गृहस्थ दर शुक्रवारी सोलापूरला तीन मिनिटं बोलायचे. एका शुक्रवारी बारा मिनिटं बोलले आणि त्यानंतर कधीच कॉल लावला नाही. मला त्यातला एक शब्द माहीत नाही, तरी मी घरी येऊन जेवले नव्हते. तिकीटच सगळं सांगायचं. त्या एका कारणासाठी मी नव्या ॲपला पूर्ण गुण दिले.

आणि तिकिटांचं हे लिहिताना मला एक जुनं तिकीट आठवलं. ते तुझं आहे. सदतीस वर्षं मी ते कुणाला दाखवलं नाही, तुलाही नाही. १९८८ साली नांदेडचे लोक तुला बघून गेले होते, आठवतं? तू निळी साडी नेसली होतीस आणि ते गेल्यावर आई म्हणाली होती की होकार येणार. दुसऱ्या दिवशी मुलाच्या मामानं पुण्यातून नांदेडला कॉल बुक केला आणि तो नेमका माझ्या बोर्डावर आला. जोडलेला कॉल लागला की नाही हे क्षणभर कानानं तपासावं लागायचं. त्या क्षणात मी ऐकलं, की मुलगी हुशार आहे पण रंगानं फारच सावळी, आपण दुसरीकडे बघू. मी ऐकायची कळ सोडली. घरी आले. तू कॅलेंडरकडे बघत बसलेली होतीस. चार दिवस तू पोस्टमनची वाट बघत होतीस, आई तुझ्यासाठी गोडाचं करत होती आणि मला माहीत होतं. मी बोलले नाही, कारण आम्ही शपथ घेतली होती. त्याचा मला अभिमान वाटायचा. लोकांना मी सांगायची, सख्ख्या बहिणीलासुद्धा बोर्डावरचं कधी सांगितलं नाही; काय ऐकलं होतं ते मात्र सांगायची नाही. पुढे तुला संतोषराव मिळाले आणि नांदेडवाल्यांचं नावही आपण विसरलो, म्हणून ते खपून गेलं. हल्ली मला वाटतं की त्या चार दिवसांत मी निदान तुझ्या शेजारी येऊन बसायला हवं होतं. न सांगताही बसता आलं असतं. मी मुद्दाम जादा ड्यूटी घेतली होती.

असो. नव्या ॲपमध्ये मेसेज आपोआप नाहीसे करायची सोय आहे. एक दिवसाचे, आठवड्याचे, चार आठवड्यांचे, जसे ठरवू तसे पुसले जातात. सौरभ त्यावर फार खूश आहे. मी आधी 'उत्तम' असा शेरा लिहिला. मग सहज जुन्या ग्रुपमध्ये मागे मागे गेले. तुझा शेवटचा मेसेज त्या गुरुवारच्या सकाळचा आहे, मैत्रीच्या मेसेजच्या आधीचा. 'शेजाऱ्यांनी कैऱ्या दिल्यात, भरपूर आहेत, कुणाला हव्यात?' खाली कुणाचंही उत्तर नाही. दुपारी मैत्रीचा मेसेज आला आणि सगळे तिकडे वळले. त्या कैऱ्यांचं तू पुढे काय केलंस कोण जाणे. सहा महिने तुझा प्रश्न तसाच पडून आहे. चार आठवड्यांत पुसला गेला असता तर मला तो दिसला नसता आणि मी स्वतःशी म्हणाले असते, तीच काही बोलत नाही. वहीत 'उत्तम' खोडलं आणि लिहिलं, 'आपल्या घरात नको. आम्हाला मुळातच सोयीचं तेवढं विसरायची सवय आहे.'

आणखी एक सोय मात्र मला मनापासून आवडली. दोन माणसांच्या बोलण्याला हे ॲप एक लांब क्रमांक देतं. साठ आकडे, पाचपाचाचे बारा गट. माझ्या फोनवर तुझ्या नावाखाली जो क्रमांक दिसेल, तोच तुझ्या फोनवर माझ्या नावाखाली दिसला पाहिजे. दोघांनी समोरासमोर बसून, किंवा दुसऱ्या एखाद्या मार्गानं, ते वाचून जुळवायचे. जुळले की मध्ये कुणी नाही, पलीकडे तेच माणूस आहे, याची खात्री. मी आणि मैत्रीनं माझ्या स्वयंपाकघरात बसून जुळवले. मी माझ्या जुन्या आवाजात एकेक आकडा सुटा, ठसठशीत वाचला, तेव्हा ती म्हणाली, आत्या, तू अशी बोलायचीस कामावर? छान वाटतंय. मला एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं.

आता खरं ते लिहिते. इतका वेळ ॲपचं पुराण लावलं, कारण मला इथं पोचायचं नव्हतं. सौरभनं मला एक यादी दिली होती, जुन्या ॲपमधून निघण्याआधी करायच्या गोष्टींची. त्यातली चौथी ओळ अशी: सेटिंग्जमध्ये जाऊन आपला फोन आणखी कुठल्या यंत्राला जोडलेला आहे का ते बघा आणि तोडा. परवा सोमवारी, सकाळी साडेदहाला, मी बघितलं. माझ्या फोनला एक काँप्युटर जोडलेला होता. जोडल्याची तारीख अकरा एप्रिल. शेवटचा वापर, 'आज सकाळी नऊ चाळीस'. नऊ चाळीसला मी घरात पोहे करत होते आणि माझ्या घरात काँप्युटर नाही. पहिल्यांदा मला वाटलं, कुणी चोरानं फोन फोडला. सौरभला फोन लावणार, तेवढ्यात अकरा एप्रिल डोक्यात शिरलं. जयंतीच्या तीन दिवस आधी विहाराच्या वाचनालयात बसून मी कार्यक्रमपत्रिका छापली होती. फोटो माझ्या फोनमध्ये होते. तिथल्या काँप्युटरवर ते यावेत म्हणून पडद्यावरच्या चौकटीपुढे मी फोन धरला होता, आणि काम झाल्यावर पडदा तसाच ठेवून हॉलमध्ये खुर्च्या मोजायला गेले होते.

चप्पल अडकवून तशीच विहारात गेले. वाचनालय उघडं होतं, ते सांभाळणारे महिपतीभाऊ वर्तमानपत्रं लावत होते. काँप्युटर सुरू होता. त्यावर माझे सगळे मेसेज उघडे होते आमू, माझ्या डॉक्टरचे, गॅसवाल्याचे, आणि सगळ्यात वर 'सुंदराबाईंची माणसं'. सात महिने. मी महिपतीभाऊंना विचारलं, हे तुम्ही बघता? ते निर्मळ मनानं म्हणाले, "बघतो की ताई. विहाराच्या सूचना त्याच्यावरच येतात ना. मला वाटलं, तुम्ही सगळ्यांना कळावं म्हणून लावून ठेवलंय." मग मी मे महिन्याचं विचारलं, आणि विचारताना मला उत्तर माहीत होतं. हो, म्हणाले, त्या मुलीचं वाचून फार वाईट वाटलं. धम्मदीपचे वडील आमच्या जुन्या ओळखीचे, म्हणून लगेच फोन करून त्यांना धीर दिला. धीर दिला! त्या भल्या माणसाला कसं रागवू? त्यांनी कुणाच्या कागदात डोकावून पाहिलं नव्हतं. मीच तो कागद भिंतीवर चिकटवला होता. मी त्यांना धन्यवाद म्हणाले, बटण दाबून ते बंद केलं, आणि वाचनालयाच्या बाकावर बसून राहिले. भाऊंनी पाणी आणून दिलं.

म्हणजे ग्रुपमधल्या अकरांपैकी दहा जणांनी तोंड बंद ठेवलं होतं, त्यात तू होतीस. बोललं माझं यंत्र, माझ्या हलगर्जीपणानं. एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीचा तोरा मी मिरवला, आणि तुला काढून टाकायच्या गोष्टी केल्या. काढून टाकायला हवं होतं ते मला. मला माफ कर असं लिहिताना हात अडखळतो, माफी नको म्हणून नव्हे, तर मागायची सवय नाही म्हणून. तुला माहीतच आहे. तरी लिहिते. आमू, मी चुकले. तू खरं बोलत होतीस आणि मी तुला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं. तुझ्या डोळ्यांत त्या वेळी राग नव्हता, आश्चर्य होतं, आणि ते मला दिसलं होतं. दिसूनही मी थांबले नाही. हे मला ॲपच्या अभ्यासाआधीपासून ठाऊक होतं.

मांजरीला येऊन तुझ्या दारात उभी राहिले असते. दोनदा बसस्टॉपपर्यंत गेलेही. पण दारात आलेल्या माणसाला तू परत पाठवू शकत नाहीस, चहा टाकतेस, आणि मग त्या चहाला मी माफी समजले असते. तसली जबरदस्ती तुझ्यावर नको. पत्र असलं की तुला हवा तेवढा वेळ घेता येतो, फाडताही येतं.

पण आजच का लिहिलं, ते सांगते. रविवारी संध्याकाळी अनिरुद्धकडे सगळे जमतील, माझा निकाल ऐकायला. ॲप चांगलं आहे, घ्यावं, हे मी पहिल्या मिनिटात सांगेन. मग वाचनालयाचं सांगेन, सगळ्यांसमोर, मैत्रीसमोर, आणि सहा महिन्यांपूर्वी तुझ्याबद्दल जे बोलले ते त्याच खुर्चीत बसून परत घेईन. नवा ग्रुप कुणी करावा, कुणाला घ्यावं, हे तू ठरवावंस असंही सांगेन. मला घेतलं नाहीस तरी चालेल. हे अजून मी कुणालाही बोललेले नाही. सोमवारपासून तीन दिवस पोटात ठेवलं आहे आणि स्पीड पोस्टनं हे तुला शुक्रवारपर्यंत मिळेल असा हिशेब धरला आहे. कारण ज्याची गोष्ट त्याला ती आधी कळावी, आणि ज्यानं सांगायची त्याच्याच तोंडून कळावी, एवढंच मैत्रीनं मागितलं होतं आणि माझ्यामुळे ते तिला मिळालं नाही. नांदेडच्या वेळी तुलाही मिळालं नाही. या खेपेला तू पहिली आहेस. नव्या ॲपवर मला तुझं नाव दिसलं होतं, सौरभनंच तुझ्या फोनवर ते चढवून दिलं असेल, तेव्हा मी 'आमू' एवढंच लिहून पाठवलं. तुझ्यापुढे दोन बटणं आली असतील, 'स्वीकारा' आणि 'ब्लॉक करा'. तू अजून दोन्हींपैकी एकही दाबलेलं नाहीस असं मी धरून चालले आहे, आणि त्या न दाबलेल्या दुसऱ्या बटणाच्या जोरावर मी पेन उचललं. आपल्या दोघींचे साठ आकडे या पानाच्या मागे लिहिले आहेत. तुझ्या फोनवर ते बघायचे तर आधी 'स्वीकारा' दाबावं लागेल, त्याला माझा इलाज नाही. दाबावंसं वाटलं तर कुठल्याही दिवशी सकाळी दहाला फोन कर, मी गॅस बंद करून बसेन. पहिले पाच मी वाचते: शून्य, चार, सात, दोन, एक. पुढचे पाच तू वाच.

तुझीच,
जयाताई